आडनावातलं गाव, पायाखालचं गाव

माझ्या पहिल्या कादंबरीतलं गाव मी आयुष्यात चार दिवस पाहिलं होतं. सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेकाठचं, आमच्या आडनावाशी जोडलेलं. एका चुलत आत्याकडे लग्नाला गेले होते, तेव्हा लग्नघरातून सवड काढून नदीपर्यंत गेले, देवळात जाऊन आले आणि पाराशेजारच्या म्हाताऱ्यांशी थोडं बोलले. तेवढ्या भांडवलावर मी अडीचशे पानं लिहिली. ऊस लिहिला, गुऱ्हाळ लिहिलं, बेंदूर लिहिला. तिकडच्या बोलीतले शब्द इतरांच्या पुस्तकांतून वेचून एका वहीत उतरवून ठेवले होते, ते जागोजाग पेरले. एका परीक्षणात 'अस्सल मातीचा वास' असं छापून आलं. आईनं ते कात्रण देवघरातल्या पोथीत जपून ठेवलं. मला मात्र ते दुसऱ्यांदा वाचवलं नाही. त्या मातीत मी कधी अनवाणी चालले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

ज्या मातीत चालले ती माळव्यातली काळी माती. इंदूरच्या पश्चिमेला देपालपूर तहसील आहे, तिथे गंभीर नदीच्या अंगाला आमचं घर होतं. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथेच आहेत आणि त्यांना विचारल्याशिवाय ते छापणं मला बरं वाटत नाही. अकरा वर्षांची होईपर्यंत मी तिथे वाढले. घरात मराठी, ओटल्यावर पाऊल ठेवलं की माळवी. पितृपक्षात गावातल्या पोरींबरोबर भिंतीवर शेणाची संजा काढायचे, रोज नवी आकृती, त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि चमकीचे तुकडे. एखाद्या दिवशी डोकरा-डोकरी, शेवटी भलामोठा किलाकोट, आणि अमावास्येला सगळं खरवडून नदीत सोडायचं. पुढे इंदूरला आलो तेव्हा नवरात्रात पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती भोंडल्याचा फेर धरायला शिकले. शेजारणींना वाटायचं, या मुलीला हे आधीच येतं. संजाभोवतीच्या गाण्यांनी माझा ताल बसलेला होता, हे त्यांना माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

आणि कादंबरी लिहायला बसले तेव्हा हे गाव मला सुचलंसुद्धा नाही. मराठी कादंबरीतलं खेडं सातपुड्याच्या दक्षिणेलाच असतं, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. मी ते धरूनच चालले होते. भोवतालचे सगळेच धरून चालले होते.

गेली काही वर्षं मी यावर बोलते आहे आणि इंदुरातल्या माझ्याच माणसांना ते टोचतं. माझं म्हणणं असं की महाराष्ट्राबाहेरच्या मराठी लेखकानं आडनावातलं गाव आता आडनावातच राहू द्यावं आणि पायाखालचं गाव लिहावं, त्याच्या शब्दांसकट. आपल्या संस्थांनी, संपादकांनी, वाचकांनी त्यासाठी जागा करून द्यावी. तसं झालं नाही तर इथली मराठी सणावाराची भाषा होऊन बसेल, आणि सणावारापुरती उरलेली भाषा पुढच्या पिढीत कपाटात जाते.

आडनावाचं इथे फार मोठं प्रस्थ आहे, आणि त्याला इतिहास आहे. होळकर हेच मुळात गावाचं नाव, नीरेकाठच्या होळचे ते होळकर. ग्वाल्हेरचे शिंदे कण्हेरखेडचे. अहिल्याबाई जामखेडजवळच्या चौंडीच्या, आणि राज्य केलं ते निमाडातल्या महेश्वरहून. अठराव्या शतकात या फौजांबरोबर आणि त्यांच्यामागून जी घरं नर्मदा ओलांडून आली, ती आपलं गाव नावात बांधून घेऊन आली. आजही इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात दारावरच्या पाट्या वाचत गेलं तर साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंतचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. त्यांतल्या कितीतरी घरांनी ते गाव पाच-सहा पिढ्यांत पाहिलेलं नाही. कुलदैवताला एकदा जाऊन येतात, अभिषेक करतात, परत येतात. तरी 'मूळ गाव कोणतं?' या प्रश्नाचं उत्तर तेच.

मग ज्या गावांनी या घरांना दोनशे वर्षं गहू घातला, त्यांचं काय?

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी, आणि ती मी माझ्या घरापासून सुरू करते. माझे पणजोबा होळकर संस्थानात महसुलाच्या कामावर होते. आमची जमीन त्या नोकरीतून आली. घरात त्यांच्या हातचे मोडीतले कागद आहेत, कोणत्या शेताचा किती आकार, कुणाची किती बाकी, कोणत्या विहिरीवर किती पियत, म्हणजे भिजणारी जमीन. अक्षर देखणं आहे. माळव्यातल्या खेड्यापर्यंत मराठी बव्हंशी याच वाटेनं पोचली. जमाबंदीच्या कागदावरून, कमाविसदाराच्या कचेरीतून. खेड्यातल्या माणसाच्या तोंडी ती नव्हती. त्याच्याबद्दल लिहिणाऱ्याच्या लेखणीत होती. वसुलीच्या रकान्यातून माणूस दिसतो तो नाव, बापाचं नाव आणि बाकी एवढाच. आपल्याकडे माळव्याच्या खेड्याबद्दल मराठीत कागदांचे गठ्ठे आहेत आणि कादंबऱ्या शोधाव्या लागतात, याचं कारण मला इथे सापडतं. भाषेची पहिली ओळखच हिशेबाची होती.

मराठी घरं सगळी कचेरीतली नव्हती, हे खरं. मल्हाररावांच्या मागून धनगर आले, मराठा शिलेदार आले, पुढे मास्तर, आचारी आणि गिरणीतले जॉबर आले. बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाड्याकडे तर मराठी शेतातच आहे, तिथली गोष्ट वेगळी. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या आसपास होते, त्यांतले पुष्कळ त्या पट्ट्यातले. मी बोलते आहे ते इंदूर-उज्जैन-देवास-धारच्या मराठी माणसाबद्दल. तो शहरात राहिला, खेड्यातून खाल्लं, आणि लिहिताना तिसरीकडेच पाहत राहिला.

यावरचा सगळ्यात जड आक्षेप मला माळवीत लिहिणाऱ्या एका मित्रानं घेतला. तो म्हणाला, ताई, तुमच्या पणजोबांनी आमच्याकडून धान्य नेलं, आता तुम्ही गोष्टी न्यायला आलात का? हा प्रश्न ऐकल्यावर दोन महिने माझ्याकडून एक ओळ लिहून झाली नाही. त्यानं जे विचारलं ते योग्यच होतं. मराठी वाचकानं गेल्या साठ वर्षांत एवढं नक्कीच शिकलेलं आहे की ज्याचं जगणं त्यानं लिहिलं की साहित्य कसं मुळापासून हलतं. दलित आत्मकथनांनी ते शिकवलं, ग्रामीण लेखकांनी शिकवलं. म्हणून माळवी शेतकऱ्याच्या वतीनं बोलण्याचा अधिकार मी मागत नाही. त्याची गोष्ट तो सांगेल, सांगतोच आहे, माळवीत आणि हिंदीत.

पण त्या गावात एक मराठी घरही होतं. ते घर कुणाच्या बैलांवर पेरत होतं, कुणाच्या बायकांकडून दळून घेत होतं, जहागिरी गेल्या तेव्हा काय बोलत होतं, दुष्काळात कोणतं दार बंद करत होतं, हे सांगायचं काम माझ्या मित्राचं नाही, माझं आहे. तेवढं जरी आम्ही प्रामाणिकपणे लिहिलं असतं तरी आज माळव्याचं खेडं मराठीत उभं राहिलं असतं. नव्या कादंबरीत मी वसूल करणारं घर मधोमध ठेवलं आहे, आणि पणजोबांचे कागद त्यात जसेच्या तसे आहेत.

ऐकायचं कसं, हे आपल्याला इथे एका माणसानं दाखवून दिलेलं आहे. इंदूरपासून देवास तासाभराच्या वाटेवर आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाच्या दुखण्यानं तिथे राहायला आले, कोरडी हवा मानवेल म्हणून. जन्म बेळगावकडच्या सुळेभावीचा, भाषा कन्नड, तालीम मुंबईत. माळव्याशी नातं शून्य. पाच-सहा वर्षं गाता येत नव्हतं, तेव्हा खाटेवर पडून त्यांनी वाटेनं जाणाऱ्या बायकांचं, शेतात राबणाऱ्यांचं गाणं ऐकलं. नुसतं कौतुक करून थांबले नाहीत. धुना जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, त्यांतला राग शोधला. मालवती, लगनगंधार, अहिमोहिनी हे राग त्या ऐकण्यातून आले. माळव्याच्या लोकधुनांचा कार्यक्रम त्यांनी मोठ्या मैफलीत मांडला आणि कुठून घेतलं ते लपवलं नाही.

त्यांच्या मैफलींना इंदूरची मराठी मंडळी पुढच्या रांगेत असत. मीही लहानपणी वडिलांबरोबर गेलेली आहे. आम्ही ते माळव्याचं गाणं डोळे मिटून ऐकलं, घरी येऊन त्याबद्दल मराठीत बोललो. आणि ज्या बाईचा तो सूर होता ती बाई आमच्या गद्यात आली नाही. वीस-पंचवीस मैलांवरचा गळा आमच्या कानापर्यंत आला, लेखणीपर्यंत आला नाही. याची मला खरोखर लाज वाटते. ती वाटते म्हणूनच लिहिते आहे.

इंदूर काही साहित्यापासून लांब पडलेलं शहर नव्हे. १९१७ साली मराठी साहित्य संमेलन इथे भरलं, आणि दुसऱ्याच वर्षी, १९१८ साली, हिंदी साहित्य संमेलन इथेच भरलं, अध्यक्ष गांधीजी. १९३५ साली तर दोन्ही संमेलनं एकाच वर्षात याच शहरात झाली. हिंदीचे अध्यक्ष पुन्हा गांधीजी, मराठीचे औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी. २००१ साली विजया राजाध्यक्षांच्या अध्यक्षतेखाली मराठी संमेलन पुन्हा इथे आलं. एका गावात दोन भाषांनी असे शेजारी-शेजारी मांडव घालणं इतर कुठे क्वचितच घडलं असेल. पण दोन्ही मांडवांत तिसरी भाषा पाहुणी म्हणूनही नव्हती. जिच्या मुलखात हे मांडव पडले, ती माळवी. २०११ च्या जनगणनेत सुमारे बावन्न लाख लोकांनी आपली भाषा माळवी सांगितली आणि ती सगळी माणसं हिंदीच्या खात्यात धरली गेली.

याच भागात वाढलेल्या मुक्तिबोध बंधूंची आठवण मला वारंवार येते. घरची भाषा मराठी. थोरले गजानन माधव हिंदीत गेले आणि हिंदी कवितेचा पायाच त्यांनी हलवला. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले, कवी झाले, कादंबरीकार झाले. एका घरातून दोन वाटा निघाल्या. त्यांच्यानंतर आमच्याकडच्या हुशार मुलांना या दोन वाटांचा अर्थ सोपा करून सांगितला गेला. भोवतालचं लिहायचं असेल तर हिंदीत लिहा. मराठीत लिहायचं असेल तर पुण्याकडे तोंड करा. मी दुसरी वाट धरली आणि कृष्णाकाठचा ऊस लिहून बसले.

हा अर्थ बदलायचा तर आधी शब्दांवरून भांडावं लागतं. दुसऱ्या कादंबरीत मी आमच्या गावाचा काही भाग आणला होता. त्यात एक वाक्य होतं, 'बोवनीच्या दिवशी कांकडापर्यंत सगळे बैल सजवलेले'. हस्तलिखित परत आलं तेव्हा 'बोवनी'वर लाल रेघ, बाजूला 'पेरणी'. 'कांकड'वर लाल रेघ, बाजूला 'शीव'. 'गेल'वर रेघ, 'पायवाट'. 'सेरी'वर रेघ, 'बोळ'. आणि शेवटच्या पानावर एक ओळ: हिंदी शब्द टाळावेत, वाचकाचा रसभंग होतो. संपादक अत्यंत सज्जन, मराठीवर जीव असलेले. त्याच महिन्यात त्यांनी अहिराणीत लिहिलेला एक कथासंग्रह मोठ्या आस्थेनं काढला होता आणि त्यातल्या एकाही शब्दाला हात लावला नव्हता.

अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी या बोलींना छापील मराठीत जागा मिळाली ती भांडून. त्याआधी त्याही अशुद्धच होत्या. आज कोणताही शहाणा संपादक वऱ्हाडी कथेत प्रमाण रूपं घालणार नाही. मग माळवीचं का वेगळं? उत्तर मिळतं की ती मराठीची बोली नाही. भाषाशास्त्राच्या हिशेबात नाहीच. पण इंदूरचा मराठी माणूस बोलतो त्या मराठीत ती शंभर ठिकाणी मिसळलेली आहे. आम्ही 'मी जेवून राहिले आहे' म्हणतो, 'बाखल' म्हणतो, 'ओटल्यावर बसू' म्हणतो. 'लुगडं' आणि 'लुगड़ो', 'पाहुणा' आणि 'पामणा' यांच्यात मला कधी सीमा दिसली नाही, आणि 'डोकरी' तर खानदेशातही आहे. जी भाषा नर्मदेकाठी दोनशे वर्षं राहिली तिच्या अंगाला नर्मदेचं पाणी लागणारच. ते पुसून मगच तिला दारात घ्यायचं असेल तर आमच्या हाती उरते ती पाठ्यपुस्तकातली मराठी. तिच्यात आम्ही पत्रिका छापतो.

शुद्धतेची बाजू घेणाऱ्यांची काळजी मला कळते. माझी मोठी जाऊ म्हणते, मुलांच्या तोंडी आधीच हिंदी बसली आहे, त्यात तू पुस्तकातूनही मिसळ करून दिलीस तर ती धरून काय ठेवतील? ती स्वतः दर रविवारी कॉलनीतल्या मुलांना गोळा करून मनाचे श्लोक शिकवते. तिच्या कळकळीपुढे मी नमते. तरीही मला वाटतं की मुलं मराठी सोडतात ती मिसळीमुळे नाही. मराठीत बोलण्यासारखं त्यांच्यापुढे काही उरत नाही म्हणून सोडतात. गणेशोत्सव, नाट्यसंगीत, पुरणपोळी, आजोबांच्या आठवणी, एवढाच मराठीचा इलाखा. शाळा, दोस्ती, बाजार, निवडणूक, रस्त्यावरची मारामारी, पाण्याचा टँकर, हे सगळं हिंदीत. डोळ्यांपुढचं जग ज्या भाषेत नाही ती भाषा मूल कशाला शिकेल? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले, मीही वाटले. त्या दिवशी सोयाबीनचा भाव काय होता, यावर मात्र आमच्या मराठीत एक वाक्य नव्हतं.

सोयाबीनबद्दल मी थोडं सविस्तर लिहिते, कारण पायाखालचं गाव म्हणजे काय ते यात आहे. मी गाव सोडलं तोपर्यंत आमच्याकडे पावसाळ्यात पुष्कळशी काळी जमीन रिकामी ठेवत. ती ओसाड नसे, पाणी पीत असे. नांगरून ठेवलेली जमीन चार महिने पाऊस आत मुरवायची आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा निघायचा. कठिया गहू, ज्याच्या रव्याळ पिठाचे बाफले होतात. 'पग पग रोटी, डग डग नीर' असं माळव्याबद्दल म्हणत, ते या सवयीवर उभं होतं. मग सोयाबीन आलं. मी कॉलेजात असताना एका श्रावणात गावी गेले तर रिकामं शेत दिसेना, कांकडापर्यंत हिरवं. लोक त्याला पिवळं सोनं म्हणत, आणि काही वर्षं ते होतंही. पक्की घरं झाली, मोटारसायकली आल्या, पोरी शिकायला इंदूरला आल्या. सोयाबीनवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही १९८७ पासून इंदुरातच आहे. पाणी पिणारी जमीन मात्र गेली. रब्बीला ओल पुरेना म्हणून कूपनलिका आल्या, त्या दरवर्षी खोल गेल्या, त्यांच्यासाठी कर्ज आलं. ज्वारी पानातून गेली, चाऱ्यासकट, आणि चारा गेल्यावर बैल गेले.

२०२४ च्या खरिपात सोयाबीनची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती आणि मंडीत त्याहून बरंच कमी मिळत होतं. सहा हजारांच्या मागणीसाठी माळवाभर ट्रॅक्टर रस्त्यावर आले. आमच्या गावचेही आले. त्याआधी, ६ जून २०१७ रोजी, मंदसौर जिल्ह्यात भावासाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या आठवड्यात मी काय लिहीत होते ते मला नीट आठवतं. पेशवाईवरच्या एका परिसंवादासाठी निबंध लिहीत होते.

आणि पाणी. गंभीर नदीवर १९३९ साली यशवंत सागर बांधला तो इंदूरची तहान भागवायला. शहर वाढलं, तेही पुरेना, तेव्हा सत्तरच्या दशकात नर्मदेचं पाणी विंध्य चढवून आणलं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटर. मी इंदुरात नळ उघडते तेव्हा निमाडातल्या खेड्याच्या दारावरून आलेलं पाणी हातावर पडतं. शहराच्या हद्दीत २९ गावं एका झटक्यात घेतली गेली, आता नव्या वळणरस्त्यांसाठी आणखी जमीन मोजली जाते आहे. ज्यांच्या शेतांवर आमच्या कॉलन्या उभ्या आहेत त्या पटेलांची मुलं आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर दुकानं चालवतात. खेडं शोधायला आम्हाला देपालपूरलाही जावं लागत नाही, ते जिन्याखाली बसलेलं आहे. त्याच्याशी मराठी लेखक रोज हिंदीत दोन वाक्यं बोलतो, दूध घेतो आणि वर जाऊन 'गाव' लिहायला बसतो.

लिहिण्याच्या रीतीबद्दलही थोडं सांगते, कारण मत बदलणं सोपं असतं, हात बदलायला वेळ लागतो. बत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्या काळात पहाटे साडेचार ते साडेसहा एवढाच वेळ माझा होता. तेव्हा मी जे लिहिलं ते घरात बसून, आठवणीतून आणि पुस्तकांतून. निवृत्तीनंतर मी दर आठवड्याला गंगवाल बसस्थानकावरून देपालपूरची बस पकडते. आमचं घर आता आमचं नाही, जमीनही विकली गेली. शेजारच्या घरातली माझ्या वयाची एक बाई आहे, तिच्याबरोबर मी संजा काढत असे. तिच्या ओटल्यावर बसून मी लिहिलेलं प्रकरण तिला माळवीत सांगते. माझी माळवी बालपणातली, अकरा वर्षांच्या मुलीची, तिथेच थांबलेली. ती हसत नाही, दुरुस्त करते.

पहिल्याच वेळी मी हरभऱ्याच्या काढणीचं वर्णन सांगितलं. भर दुपार, ऊन, घामाघूम बायका, असं मी फार मन लावून लिहिलं होतं. तिनं मला मध्येच थांबवलं. "दोफेर में चणा कुण काटे? सब खिरी जायगा." वाळलेले घाटे उन्हात फुटून दाणा मातीत पडतो. हरभरा पहाटे दवात काढतात, घाटे मऊ असतात तोवर. म्हणजे बायका अंधारात उठतात, पोरं झोपलेली असतात, बोटं दवानं आणि हरभऱ्याच्या आंबेनं चुरचुरतात. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं, सगळं पहाटेत नेलं, आणि त्यात एक पात्र आपोआप वाढलं, झोपेतून उठून आई शोधणारा मुलगा. हे मला घरी बसून सुचलं नसतं. चूक दुरुस्त झाली इतकंच असतं तर मी त्याचा उल्लेख केला नसता. त्या एका वाक्यानं कादंबरीचा दिवस कुठून सुरू होतो ते ठरलं.

आमच्या संस्थांकडून मला फार मोठं काही नको आहे. इंदुरात वाचनालयं आहेत, व्याख्यानमाला आहेत, नाटकांना भरलेली प्रेक्षागृहं आहेत. दरवर्षी पुण्या-मुंबईहून वक्ते येतात आणि आम्ही आनंदानं ऐकतो. त्यातली एक संध्याकाळ माळवी-निमाडीत गाणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसाला द्या, तीही लोककला म्हणून रंगमंचावर मिरवायला नाही, लेखक म्हणून बोलायला. कथास्पर्धेच्या नियमांत 'शुद्ध मराठी' असतं ते काढा. ज्या घरांतून मोडीचे कागद आहेत त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत, वाचून घ्यावेत, मग त्यांत आपल्याच आजोबांबद्दल काहीही निघो. आणि महाराष्ट्रातल्या संपादकांना माझी विनंती आहे की आमच्या हस्तलिखितावर लाल रेघ ओढण्याआधी एकदा विचारा, हा शब्द तुमच्याकडे कोण बोलतं?

गेल्या आठवड्यात ओटल्यावर बसले होते, हस्तलिखित मांडीवर होतं. ती म्हणाली, "थारी मराठी में कांकड़ के कँई के?" मी म्हटलं, शीव. तिनं तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, चव घेतल्यासारखा. मग हात लांब करून नदीपलीकडच्या बाभळींच्या रांगेकडे दाखवलं. मला तिथवर एकटीनं जायची लहानपणी बंदी होती. म्हणाली, "वा तो कांकड़ हे." बस यायला अजून अर्धा तास होता. मी पेन काढलं आणि सेहेचाळीसाव्या पानावर लाल रेघेखाली पुन्हा 'कांकड' लिहिलं.